कोल्हापूरचा समुद्र कोणता?

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आमच्या ओळखीच्या एका चहावाल्यानं विचारलं, "समुद्र? हितं कुठला समुद्र आलाय सर?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून विद्यापीठांनी समुद्रासाठी काय करावं याकडे वळण्याआधी हा प्रश्न सोडवू. कोल्हापूरचा समुद्र कोणता?

नकाशा डोळ्यासमोर आणा. शहरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. आपण शनिवार-रविवारी मालवणला, गणपतीपुळ्याला जातो तो हाच. पण आपलं पाणी तिकडे जात नाही. गगनबावड्याच्या कड्यावर पावसाचा एक थेंब पश्चिमेला पडला, तर तो घाटाखालच्या ओढ्यांतून वाघोटनच्या खाडीत आणि पुढे विजयदुर्गाजवळ समुद्रात. तिथून समुद्र पन्नास-साठ किलोमीटर. तोच थेंब चार पावलं अलीकडे पडला तर कुंभीत. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा, पाचवी सरस्वती गुप्त मानायची. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत. मग अलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज आणि शेवटी हंसलादीवीजवळ बंगालचा उपसागर. कृष्णेची एकूण लांबी सुमारे १,४०० किलोमीटर. वाडीपासून पुढचा प्रवास हजार किलोमीटरच्या वर.

म्हणजे कोल्हापूरला दोन समुद्र आहेत. एकातली मासळी आपल्या ताटात येते, आणि दुसऱ्याकडे आपलं सांडपाणी जातं. ज्याची मासळी खातो त्याच्याबद्दल आपल्याला थोडी तरी आस्था वाटते. ज्याच्याकडे सांडपाणी पाठवतो तो आपण पाहिलेलाही नसतो.

आता 'आम्ही' म्हणजे कोण, तेही सांगतो. नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करणारे आम्ही तीन-चार शिक्षक, आणि दरवर्षी बदलणारी विद्यार्थ्यांची फळी. आमच्यातलं कुणीच समुद्रशास्त्रज्ञ नाही. एक रसायनवाला, एक प्राणिशास्त्रवाला, एक पर्यावरणवाला, असा आमचा मेळ आहे.

पूर्वी आम्हीही शाळा-कॉलेजांत भाषणं द्यायचो. त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं: "तुम्ही आज पंचगंगेत टाकलेली पिशवी उद्या समुद्रातल्या कासवाच्या पोटात जाते." टाळ्या पडायच्या. एकदा शिरोळ तालुक्यातला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, मधे अलमट्टी आहे की. पिशवी धरणाच्या पलीकडं जाणार कशी?" सभागृहात हशा झाला. आपल्याकडे अलमट्टी म्हटलं की पुराचीच चर्चा होते, त्यामुळे सगळ्यांना ती कोपरखळी वाटली. पण पोरगा गंभीरपणे विचारत होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान खरं तर त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी त्याच्या बाजूनं बोलू. त्याचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. इतकी धरणं असलेल्या नदीत अख्खी पिशवी समुद्रापर्यंत पोचणं अवघड. ती बाभळीला अडकते, गाळात रुतते, धरणाच्या तळाशी बसते. इतकंच काय, कृष्णेचं पाणीसुद्धा सगळ्या वर्षी समुद्रापर्यंत पुरेसं पोचत नाही. या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळी वर्षांत नदीचा समुद्रात जाणारा प्रवाह जवळजवळ शून्यावर आला होता. नदीबरोबर येणारा गाळ धरणांत अडतो, म्हणून कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाची किनाऱ्याकडून झीज होते, हाही अभ्यासाचा विषय आहे. गाळ जर अडतो, तर पिशवी अडणारच.

मग जगभरातले मोठमोठे आकडे कुठून येतात? ही गोष्ट मजेशीर आहे आणि विद्यापीठांच्या कामाशी तिचा थेट संबंध आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या जेना जॅमबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लॅस्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन. हा आकडा जगभर गाजला. पण त्यात किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणारी लोकसंख्याच धरलेली होती. म्हणजे त्या हिशेबात तुम्ही-आम्ही नव्हतोच! कोल्हापूर बाद. मग २०१७ मध्ये जर्मनीतल्या एका गटानं नद्यांचा हिशेब केला. त्यात नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के भार जगातल्या फक्त दहा नद्यांवर आला. त्यातल्या आठ आशियातल्या. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. चारच वर्षांनी, २०२१ मध्ये, दुसऱ्या गटाचा अभ्यास आला आणि त्यानं सांगितलं की ८० टक्के भार एक हजाराहून जास्त नद्या वाहतात आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्या फार महत्त्वाच्या आहेत. एकूण आकडा वर्षाला ८ ते २७ लाख टन.

दहा नद्या की हजार? इतका फरक कसा पडतो? कारण हे सगळे आकडे प्रतिकृतींतून, म्हणजे मॉडेलमधून आलेले आहेत. लोकसंख्या किती, कचरा किती, पाऊस किती, उतार किती यावरून गणित मांडायचं आणि जिथे कुठे प्रत्यक्ष मोजणी झालेली असेल तिच्याशी ताडून पाहायचं. प्रत्यक्ष मोजणीच तुटपुंजी असली की गणिताचं गृहीतक थोडं बदललं तरी उत्तर कुठल्या कुठे जातं. यात त्या शास्त्रज्ञांची चूक नाही. त्यांनी आहे त्या माहितीवर प्रामाणिक काम केलं. उणीव मोजणीची आहे, आणि मोजणी करायला जवळच्याच माणसानं नदीवर जावं लागतं. हेलसिंकीत किंवा लाइपझिगमध्ये बसून पंचगंगा मोजता येत नाही.

आता पोराच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. पिशवी जात नसेल, पण पिशवीचं पीठ जातं. उन्हानं, घासण्यानं प्लॅस्टिक ठिसूळ होतं, तुटतं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना आपण मायक्रोप्लॅस्टिक म्हणतो. ते नदीच्या तळाशी गाळात बसून राहतात आणि पुराची वाट बघतात. मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांच्याकडच्या नद्यांच्या तळाचे नमुने २०१५-१६ च्या हिवाळ्यातल्या पुराआधी आणि पुरानंतर घेतले. त्या एका पुराच्या मोसमात तळाशी साठलेल्या मायक्रोप्लॅस्टिकपैकी सुमारे ७० टक्के धुऊन निघालं होतं.

आपल्याला पूर काय असतो ते सांगायला नको. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांच्या शेंड्यांना पिशव्या लटकलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. पूर कुठवर चढला होता याची ती पट्टीच होती. झाडाला जे अडकलं ते आपल्याला दिसलं. जे गेलं ते कुणी मोजलं?

इथे आपल्याच गावाच्या नावाची एक गोष्ट येते. कोल्हापुरी बंधारा. साध्या, स्वस्त, उपयोगी रचनेमुळे तो महाराष्ट्रभर गेला. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे. आता विचार करा. डिसेंबर ते मे पाणी अडलेलं असतं, त्यात नाल्यांचं सांडपाणी साठतं, कचरा साठतो, केंदाळ माजतं. मग बरगे निघतात किंवा वळवाचा पहिला मोठा पाऊस येतो आणि सहा महिन्यांचं सगळं एका दमात खाली जातं. तेरवाडच्या, रुईच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. त्या दोन-चार दिवसांत नमुना घेतला तर एक आकडा मिळेल, जानेवारीत घेतला तर दुसराच. आमचे सुरुवातीचे बहुतेक नमुने जानेवारीतले होते, कारण तेव्हा परीक्षा नसतात आणि हवा छान असते! नदीनं आमचं वेळापत्रक पाळलं नाही.

मायक्रोप्लॅस्टिक मोजायचं कसं, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण यातच आमची फजिती झाली. सुमारे ०.३ मिलिमीटर छिद्राच्या जाळीतून ठरावीक पाणी गाळायचं. जाळीवर उरलेल्यात पालापाचोळा, किडे, शेवाळ असतं. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं, म्हणजे सेंद्रिय भाग जळून जातो. मग मिठाच्या संपृक्त द्रावणात ते ढवळायचं. वाळू खाली बसते, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन वर तरंगतं. पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक आणि पॉलिस्टरचा धागा मात्र मिठाच्या पाण्यात बुडतो, त्यासाठी झिंक क्लोराइडसारखं जड द्रावण लागतं. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं आणि संशयास्पद कणांना तापलेली सुई लावून बघायची. वितळलं तर प्लॅस्टिक. पक्की ओळख हवी असेल तर इन्फ्रारेड वर्णपटयंत्र.

पहिल्या वर्षी आम्हाला सगळ्या नमुन्यांत निळे धागे सापडले. वरच्या बाजूला, खालच्या बाजूला, सगळीकडे सारखेच. आम्ही खूश! इचलकरंजी जवळ, कापडाचा धंदा, संबंध जुळतोच. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा मनात ठरलं. मग एका विद्यार्थिनीनं बादलीची दोरी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. निळी, नायलॉनची. आम्ही पुलावरून बादली त्याच दोरीनं सोडत होतो. वर्षभराची मोजणी रद्द करावी लागली. तेव्हापासून दोरी काथ्याची, एप्रन सुती, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर एक कोरा गाळणकागद उघडा ठेवायचा. हवेतून आणि आपल्या कपड्यांतून काय पडतं ते त्यावर कळतं. ही चूक उघडपणे सांगण्याचं कारण असं, की प्रदूषणाच्या बाबतीत चुकीचा आकडा गप्प बसण्यापेक्षा वाईट ठरतो. एखाद्या कारखान्यावर बोट ठेवायचं आणि मग दोरी आपलीच निघायची, असं झालं की पुढची दहा वर्षं कुणी विश्वास ठेवत नाही.

कापडाचा संबंध नाहीच, असा याचा अर्थ घेऊ नका. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठानं २०१६ मध्ये दाखवलं की सहा किलो ॲक्रिलिकचे कपडे यंत्रात एकदा धुतले तर सात लाखांहून जास्त धागे सुटू शकतात. आपल्याकडे इचलकरंजीत सायझिंग आहे, प्रोसेस आहेत, आणि कापडाचं शिक्षण देणारी डीकेटीई संस्था १९८२ पासून आहे. कुठल्या विणीतून धागा कमी सुटतो, प्रोसेसच्या पाण्याला कुठली गाळणी परवडते, हे प्रश्न समुद्रशास्त्राच्या विभागात सुटायचे नाहीत. ते कापडाच्या प्रयोगशाळेत सुटतील. समुद्राचं संशोधन म्हणजे बोट, डायव्हिंग सूट आणि प्रवाळ असं चित्र आपल्या डोक्यात बसलंय. ते चित्र जरा बाजूला ठेवू.

प्लिमथचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. 'मायक्रोप्लॅस्टिक' हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे तो त्याच विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ च्या शोधनिबंधामुळे. एकच पान होतं ते. त्यांनी किनाऱ्यावरच्या वाळूत सूक्ष्म धागे दाखवलेच, पण आणखी एक चलाखी केली. स्कॉटलंडजवळच्या समुद्रात दशकानुदशकं प्लवकांचे, म्हणजे सूक्ष्म तरंगत्या जिवांचे, नमुने गोळा करण्याचं काम चालू होतं. प्लॅस्टिकचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता तेव्हापासूनचं. थॉम्पसन यांनी ते १९६० पासूनचे जपून ठेवलेले नमुने उघडले आणि धागे मोजले. साठ-सत्तरच्या दशकांपेक्षा ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते वाढलेले दिसले. पुढे अशाच अभ्यासांच्या जोरावर सौंदर्यप्रसाधनांतल्या प्लॅस्टिकच्या मण्यांवर कायदे झाले. ब्रिटनमध्ये २०१८ साली बंदी आली.

आता आपल्याकडे बघा. गेल्या चाळीस वर्षांत पंचगंगेवर किती एम.एस्सी.चे प्रकल्प झाले असतील? किती पीएच.डी.? त्या नमुन्यांचं काय झालं? पदवी मिळाली की बाटल्या धुऊन टाकल्या. आमच्याकडूनही हेच झालंय. वाळवलेला गाळ काचेच्या बाटलीत, वर तारीख आणि ठिकाण, एवढं कपाटात ठेवायला काय लागतं? एक कपाट, आणि निवृत्त होताना किल्ली पुढच्याच्या हातात देणारा माणूस. आमच्या मते विद्यापीठाची खरी ताकद इथे आहे. सरकारी योजना पाच वर्षांची, संस्थेचा निधी तीन वर्षांचा, अधिकाऱ्याची बदली कधीही. विद्यापीठ मात्र शंभर वर्षं एकाच जागी बसून राहू शकतं.

प्लॅस्टिकवर आम्ही फार वेळ घेतला, कारण ते दिसतं. पण अलमट्टीच्या पलीकडे सगळ्यात सहज जातं ते न दिसणारं: विरघळलेलं नत्र आणि स्फुरद. हे पाण्यात साखरेसारखं मुरलेलं असतं. बंधारा त्याला पूर्णपणे अडवू शकत नाही. येतं कुठून? उसाच्या रानातून, युरियातून, आपल्या संडासातून. कोल्हापूर शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातून थेट नदीत जायचं, त्यासाठी कसबा बावड्यात दररोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं प्रक्रिया केंद्र झालं. चांगलं झालं. पण नेहमीच्या पद्धतीचं केंद्र मुख्यतः बीओडी कमी करतं, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन खाणारा सेंद्रिय भाग. विरघळलेलं नत्र-स्फुरद काढायला वेगळी सोय लागते. नाहीतर पाणी स्वच्छ दिसतं आणि खाली शिरोळला केंदाळाचा गालिचा तसाच राहतो. केंदाळ हे नदीवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं खताचं बिलच आहे.

आणि समुद्रात? आपल्या दोन्ही समुद्रांत मधल्या खोलीवर मुळातच ऑक्सिजन कमी असलेला थर आहे. तो निसर्गाचा भाग आहे. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' मासिकात दाखवलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात हंगामी ऑक्सिजन-टंचाई तीव्र होते आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू सुटतो. बंगालच्या उपसागराबद्दल २०१७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाचा अभ्यास आला, त्यात नक्वीही होते. तिथे त्या थरात ऑक्सिजनचा अगदी नाममात्र अंश शिल्लक आहे आणि तेवढ्यावरच तिथलं रसायन तोल सावरून आहे. वरून खतांचा भार वाढला तर तोल ढळू शकतो, असा त्यांचा इशारा आहे. पंचगंगेचा त्यातला वाटा किती? समुद्राच्या मानानं चिमूटभर. पण उपसागराला मिळणाऱ्या प्रत्येक नदीकाठच्या प्रत्येक गावाला आपला वाटा चिमूटभरच वाटतो.

आणि समजा समुद्राचं सोडून दिलं, तरी वाटेत माणसं आहेतच. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. पंचगंगेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, नागपूरच्या नीरी संस्थेला अभ्यास करावा लागला. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, समुद्र हा या कामाचा शेवटचा थांबा आहे. मधल्या थांब्यांवरसुद्धा माणसं उतरतात.

गणपतीचा विषय काढल्याशिवाय कोल्हापुरात पाण्यावर बोलता येत नाही. मूर्तिदान, निर्माल्यदान, इराणी खणीतलं विसर्जन, यात या शहरानं खूप काही करून दाखवलंय. पण प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या दान आलेल्या मूर्तींचं पुढे काय करायचं? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं एक सोपा मार्ग दिला. बेकरीत वापरतात त्या अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात मूर्ती ठेवायची. प्लॅस्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्याचं खाली कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याच्या जातीचा साका होतो, आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. अमोनियम सल्फेट म्हणजे खत. पदवीच्या वर्गात फळ्यावर लिहायची अभिक्रिया, ती लोकांच्या घरात बादलीत गेली. आम्हाला हे काम फार आवडतं. फक्त एक पुस्ती जोडतो: ते पाणी पातळ करून झाडांना घाला, गटारात ओतू नका. नाहीतर आत्ताच सांगितलेलं नत्र आपणच पुन्हा नदीत पाठवलं.

आता जरा स्वतःच्या घरात डोकावू. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पावसाचं पाणी तळ्यांत-विहिरींत साठवून वापरण्याचं काम झालं आहे, ते बघण्यासारखं आहे. पण सगळीकडे असं नाही. एका महाविद्यालयात, नाव नको, आम्ही सागर संवर्धनावर बोलायला गेलो. व्यासपीठावर फ्लेक्स, प्रत्येकासमोर प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, पुष्पगुच्छाला चकचकीत वेष्टण. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं सिंक थेट ओढ्याला जोडलेलं. ते आम्ही विचारलं तेव्हा शिपाईमामांनी सांगितलं, प्राचार्यांना माहीतच नव्हतं. आमची विनंती साधी आहे: तुमच्या प्रयोगशाळेतलं सिंक कुठे जाऊन उघडतं ते एकदा चालत जाऊन बघा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना हे काम द्या. घाट झाडून फोटो काढण्यापेक्षा त्यातून जास्त शिकतील. घाट झाडायचाच तर मोजून झाडा. काय सापडलं ते प्रकारानुसार लिहा. गुटख्याच्या पुड्या किती, शाम्पूच्या पुड्या किती, निर्माल्याच्या पिशव्या किती. राज्यात २०१८ पासून पिशव्यांवर बंदी आहे. ती नदीकाठी किती उतरली, हे अशा यादीवरूनच कळेल.

पश्चिमेच्या समुद्राबद्दल थोडं. तिथे आपण पाहुणे आहोत आणि पाहुण्यासारखं वागावं. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे. त्यांना समुद्र आपल्यापेक्षा कळतो. त्याहून जास्त कळतो तो रापणकरांना. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्यात मासळीबरोबर काय काय येतं, कुठल्या वाऱ्याला जास्त येतं, पूर्वी कधी येत नव्हतं, हे त्यांच्या तोंडी पाठ असतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रश्नावली घेऊन गेलो होतो. एका वयस्क रापणकरांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "मास्तरांनू, ह्या कागदार समुद्र खंय असा?" दुसऱ्या दिवशी प्रश्नावली गाडीतच ठेवली आणि दोरीला हात लावला. मग माहिती मिळाली.

वेळासच्या कासवांचंही तसंच. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांबरोबर घरटी जपली. २०२२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांना उपग्रह-यंत्रं बसवली गेली, पहिलीचं नाव 'प्रथमा'. त्या कामात देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था होती. देहरादून हिमालयाच्या पायथ्याशी आहे. चहावाल्याच्या प्रश्नाला हेही एक उत्तर झालं.

शेवटी एक मागणं, विद्यापीठांच्या कारभाऱ्यांसाठी. कृष्णा महाबळेश्वरात उगवते आणि सातारा, सांगली, कोल्हापूर करत कर्नाटकात जाते. महाराष्ट्रातला तिचा सगळा प्रवास शिवाजी विद्यापीठाच्या या तीन जिल्ह्यांतून होतो. वाई, कऱ्हाड, सांगली, जयसिंगपूर, प्रत्येक ठिकाणी काठावर महाविद्यालय आहे. आणि नदीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राजवळ, मछलीपट्टणमला २००८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ आहे. त्याचं नावच कृष्णा विद्यापीठ. मधे कर्नाटक आणि तेलंगणातली विद्यापीठं आहेत. एकच पद्धत, एकच जाळी, आणि वर्षातले चार ठरलेले दिवस: बरगे घातल्यावर, उन्हाळ्यात, बरगे काढताना आणि पुरानंतर. सगळ्यांनी त्याच आठवड्यात नमुना घ्यायचा. पाणीवाटपावरून तीन राज्यं लवादापुढे वर्षानुवर्षं भांडली, पण नमुन्याच्या बाटल्यांवरून भांडायचं कारण नाही. यातून शिरोळच्या त्या पोराला आकड्यात उत्तर मिळेल: वाडीला इतकं होतं, अलमट्टीच्या वर इतकं, खाली इतकं, समुद्राच्या तोंडाशी इतकं. कदाचित त्याचंच बरोबर ठरेल. तसं झालं तर धरणांच्या तळाशी काय साठतंय, हा पुढचा प्रश्न उभा राहील. निकाल मात्र इंग्रजी नियतकालिकात छापून थांबायचं नाही. मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. तो आकडा पहिल्यांदा लागणार आहे तो काठावरच्या माणसाला.

वेळ झालीय, पण मागून एक चिठ्ठी आलीय: "आम्ही विद्यार्थी नाही, तरी नमुना देऊ शकतो का?" जरूर. नदीकाठच्या कुणीही द्यावा. काचेची बाटली घ्या, जॅमची चालेल. आधी नळाच्या, मग नदीच्याच पाण्यानं तीनदा विसळा. झाकण प्लॅस्टिकचं असेल तर आत ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा लावा. धारेच्या मध्यातलं पाणी घ्या, काठचं नको. तारीख, वेळ, बंधाऱ्याला बरगे आहेत की नाहीत, हे पेन्सिलीनं कागदावर लिहून बाटलीला बांधा. आणि पुलावरून बादली सोडणार असाल तर दोरी काथ्याची आणा. निळी नको.